एकच सुई

देवणीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी दुय्यम डॉक्टर म्हणून रुजू झाले, त्या दिवशी डॉक्टर नालबंद एका शेतकऱ्यावर ओरडत होते. त्या बिचाऱ्याची मागणी साधी होती. म्हैस जरा सुस्त आहे, ताकदीचं इंजेक्शन द्या. हे इंजेक्शन आमच्या भागात लहान पोरालाही माहीत आहे, फक्त औषधांच्या पुस्तकात ते सापडत नाही. बहुतेक डॉक्टर लाल रंगाचं एखादं जीवनसत्त्व टोचतात आणि सुटतात. माणूस खूश, म्हैस होती तशी. नालबंद डॉक्टर मात्र खुर्ची मागं सारून उभे राहिले होते.

"कुणाची ताकद वाढवू? म्हशीची का तिच्या पोटातल्या जंताची? दोघं बी एकाच घरात राहून राहिले. मी दिलेलं कोण खाईल, ते तू लिहून देतो का?"

शेतकऱ्यानं न्यायासाठी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. नाव न विचारता त्यांनी गाव विचारलं. मी नांदेड म्हटलं. "बसा, नांदेड," ते म्हणाले आणि पुन्हा ओरडायला वळले. त्या दिवसापासून दवाखान्यात माझं नाव नांदेड. माणसाला त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची सवय होती. माणूस खोटं बोलला तरी गाव खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. नांदेडला शिक्षकांच्या घरात वाढलेल्या माझ्यासारखीला पहिले काही दिवस याचा राग यायचा. पुढं पुढं कुणी नावानं हाक मारली तर मीच वळेनाशी झाले.

त्यांचे आजोबा उदगीरच्या बाजारात बैलांना नाल ठोकायचे. वडीलही तेच करायचे. दोरीचे दोन फास टाकून मस्तवाल बैल एकट्यानं आडवा करायची कला घरातूनच आली होती आणि ती कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत, हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवायचे. "आमचं खानदान खुरापासनं शिंगापर्यंत चढलं. तीन पिढ्या लागल्या. बैल लई उंच जनावर हाय, नांदेड."

अंगानं काटक, मिशी पिकलेली, बाह्या कायम कोपराच्या वर. गोठ्यात शिरण्याआधी कानामागं अत्तराचं बोट फिरवायचे. मी हसले तर म्हणाले, जनावराला माणसाचा वास सोसत नाही, आपण त्याची कदर करावी. भांडण हा त्यांचा नाश्ता होता. औषध कंपनीचा माणूस, बँकेचा माणूस, बसचा कंडक्टर, कुणीही चालायचं. रोज्याच्या महिन्यात तिसऱ्या प्रहरी डॉक्टरांच्या वाटेला जाऊ नये, हे तालुक्यातल्या म्हशींनाही कळत असावं.

पण एक शब्द ऐकला की त्यांच्या कपाळाची शीरच उडायची. कोरोनानंतर गल्लीबोळात प्रतिकारशक्तीची पावडर मिळायला लागली होती. त्याच सुमारास एक विक्रेता गुरांचं टॉनिक घेऊन आला. जनावराची प्रतिकारशक्ती दुप्पट करतो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला बसवलं, चहा पाजला, आणि मग विचारलं, "दुप्पट झाल्यावर थांबवायची कशी, ते सांगा."

तो गोंधळला. वाढली तर चांगलंच की, म्हणाला.

"माझ्या बायकोची वाढलीय. चला घरी, दाखवतो."

रझियाभाभींना संधिवात होता, त्यांच्या स्वतःच्याच पेशी सांधे कुरतडतात तो. बोटं वाकडी होऊन तळहाताकडे वळली होती. "तिचे राखणदार लई इमानी," डॉक्टर त्या विक्रेत्याला म्हणाले, "मालकालाच चोर समजून राहिले." विक्रेता चहा अर्धा टाकून गेला. मला तेव्हा भाभींबद्दल एवढंच कळलं. नंतर एकदा सकाळी त्यांच्या घरी गेले, तर डॉक्टर त्यांच्या मागं बसून वेणी घालत होते. त्यांची बोटं केसांत अशी सहज फिरत होती की रोजचंच काम असणार हे दिसत होतं. मला बघून लाजले वगैरे नाहीत. "दोरखंडाची गाठ येते त्याला वेणी येते," एवढंच म्हणाले आणि रिबीन तोंडात धरून काम पुरं केलं.

राखणदार हा त्यांचा आवडता शब्द. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते दुसरं काही म्हणायचेच नाहीत. शेतकऱ्याला कॅन्सर समजावून सांगताना पारावर बसायचे आणि सुरू व्हायचे. "गाठ म्हंजे चोर. शाळेत शिकवतात, राखणदार येतो आन् चोराला मारतो. खरं हाय, साधा चोर असंल तर मारतो. पण हुशार चोर काय करतो? राखणदाराला जेवायला बसवतो. मग तोच राखणदार चोरासाठी पाटाचं पाणी वळवतो, वाट करून देतो. गाठीला रक्त कोण पोचवतं? तेच. म्हणून मी विचारतो, ताकद कुणाची वाढवायची?" शेतकऱ्यांना हे बरोबर कळायचं. ज्याच्या हरभऱ्याची राखण करणाराच हरभरा विकून गेला होता, त्याला तर फारच.

हे सगळं पारावरचं बोलणं होतं तोवर ठीक होतं. मग माणिकराव पाटलांचा वानेऱ्या आला.

देवणी जातीत ज्या पांढऱ्याशुभ्र बैलाच्या तोंडाच्या कडा काळ्या असतात त्याला वानेरा म्हणतात. माणिकरावांचा बैल त्यातलाच, म्हणून त्याचं नाव वानेऱ्या. देवणीपासून जवळच त्यांचं गाव. तिथं पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून पहिली जोडी जायची ती पाटलांची. आज्या-पणज्यापासूनचा मान. आणि नियम असा की मानाचा बैल धडधाकट पाहिजे. शिंग मोडलेल्या बैलाला मान नाही.

त्या वर्षी पोळ्याला डॉक्टर मला पुरणपोळी खायला म्हणून त्या गावी घेऊन गेले. नालबंदाच्या घराला पोळ्याचं आवतण आजोबांच्या वेळेपासूनचं. मारुतीपुढं बैल रांगेत उभे होते. झुली, घुंगरमाळा, शिंगांना रंग आणि बेगड, टोकाला पितळी शेंब्या, कपाळावर बाशिंगं. मंगलाष्टका सुरू व्हायच्या होत्या. मी आपली फोटो काढण्यात दंग. डॉक्टर चालत चालत वानेऱ्यापाशी गेले आणि तिथंच थांबले.

"गुलाल कोणी लावला ह्याच्या तोंडाला?"

"सणाचा दिवस हाय डॉक्टर," माणिकराव हसून म्हणाले. "उडाला असंल."

"एकाच नाकपुडीवर उडाला?"

त्यांनी बोट नाकपुडीत घातलं, बाहेर काढलं, वास घेतला. मला दोन हातांवर उभी असून तो वास आला. गुलालाखाली रक्त होतं आणि पू. मग त्यांनी उजव्या शिंगावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पोकळ, टणक आवाज आला. डाव्यावर केलं. ते शिंग ओल्या भिंतीसारखं बोदं वाजलं. वानेऱ्यानं मान डावीकडे आणखी कलती केली. बाशिंग मुद्दाम तिरपं बांधलं होतं, म्हणजे मान कलती दिसू नये.

शिंगाचा कॅन्सर आमच्याकडे नवा नाही. शिंगाच्या आतल्या अस्तरापासून गाठ धरते, बैल डोकं झटकतो, दावणीला शिंग घासतो, नाकातून रक्त येतं. वेळीच शिंग मुळापासून काढलं तर जनावर वाचण्याची आशा असते. नाहीतर शिंग गळून पडतं, आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ आणि तिच्यात किडे. माणिकरावांना हे माहीत होतं. त्यांनी त्यावर रंग दिला होता.

"तोरण थांबवा," डॉक्टर म्हणाले.

वाजंत्री थांबली. मग कुजबुज, मग आरडाओरडा. मागून कुणीतरी ओरडलं, "नालबंदाचं पोरगं पोळा अडवून राहिलं!" हे पोरगं तेव्हा पंचावन्नच्या पुढं होतं.

"हाव," डॉक्टर त्या दिशेला वळून म्हणाले. "अडवून राहिलो. पुढं या आन् तोंडावर बोला."

कुणी पुढं आलं नाही. माणिकराव जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर, आजचा दिवस जाऊ द्या. उद्या मी सोता आणतो. शिंग गेलं तर मान गेला. गावात तोंड कसं दावू?"

"कवापासनं ठावं हाय तुमाला?"

माणिकराव बाशिंग सारखं करायला लागले. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, कमलबाई. ओवाळायचं ताट घेऊन त्या मागं उभ्या होत्या. "उन्हाळ्यापासनं. पेंडीला तोंड लावंना म्हणून म्या रोज सांगून राहिले." त्यांनी ताट खाली ठेवलं, पुढं झाल्या आणि बाशिंगाची गाठ स्वतः सोडली. "न्या ह्याला, डॉक्टर. मान बसू द्या खड्ड्यात."

तोरणाखालून दुसरी जोडी पहिली गेली. माणिकराव घरात जाऊन बसले. पुरणपोळी कुणी वाढली नाही आणि आम्ही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी वानेऱ्याला टेम्पोत घालून उदगीरच्या पशुवैद्यक कॉलेजात न्यायला निघालो. पुढं ड्रायव्हरशेजारी माणिकराव, मागं बैलापाशी डॉक्टर आणि मी. वाटेत नाकातून रक्त वाढलं म्हणून डॉक्टरांनी चालत्या गाडीतच सलाईन लावलं. उदगीरच्या अलीकडे मोटारसायकलवरच्या चारपाच पोरांनी टेम्पो अडवला. बैल कुठं नेता, कुणाचा आहे, कागद दाखवा. मग एकानं डॉक्टरांना नाव विचारलं.

माणिकराव दार उघडून उतरले. "अरे, बैल मपला हाय, माज्या दावणीचा," म्हणायला लागले.

"पाटील, तुमी बोलू नका," डॉक्टर वरून म्हणाले. "नाव माझं विचारलंय. इस्माईल नालबंद. अजून काय विचारायचं असंल ते वर चढून विचारा, मला हात रिकामा न्हाई."

दोघं खरंच चढले. डॉक्टरांनी एकाच्या हातात सलाईनची बाटली दिली. "डोक्याच्या वर धर. खाली आली तर थेंब थांबंल." दुसऱ्याला म्हणाले, "तू डोकं धर. त्या बाजूनं नक्को, तिकडं दुखतंय त्याला." डोकं धरणाऱ्याला वास आला तसा तो फळीवरून वाकून ओकला, पण परत येऊन त्यानं डोकं धरलं. टेम्पो सुटला. बाटलीवाला उदगीर येईपर्यंत हात वर करून उभा होता. उतरताना त्यानं विचारलं, "वाचंल का, डॉक्टर?"

"आधी तुझं नाव सांग."

त्यानं सांगितलं. "आता बरोबरी झाली," डॉक्टर म्हणाले. "वाचंल का ते बघू."

शिंग काढलं. गाठ मोठी होती, कवटीच्या कडेपर्यंत पोचलेली. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांशी डॉक्टरांची जुनी ओळख होती. त्यांनी मिळून गाठीचा तुकडा खलात बारीक वाटला, फिनॉलच्या पाण्यात मुरवला, गाळला. ही त्याच गाठीची लस. चोराचा चेहरा राखणदारांना उघड्यावर, गाठीपासून लांब दाखवायचा, म्हणजे ते पंगतीतून उठतील अशी आशा. शिंगाच्या कॅन्सरवर हा उपाय आमच्याकडे पूर्वीपासून करून बघितलेला आहे. कधी लागू पडतो, कधी पडत नाही. आज माणसांच्या कॅन्सरवर जी नवी औषधं निघाली आहेत, राखणदारांना बांधून ठेवलेली दोरी सोडणारी, त्यांच्यामागंही हाच विचार आहे. डॉक्टर त्याबद्दल वर्तमानपत्रात वाचायचे आणि म्हणायचे, "बैलाला कुणी विचारलं न्हाई, न्हाईतर त्यानं आधीच सांगितलं असतं."

त्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. गाठीचा काप होता. कडेला बारीक, गोल, जांभळ्या पेशी गर्दी करून उभ्या, जणू बांधाच्या बाहेर. आत गाठीच्या पेशींमध्ये मोठ्या, ढिल्या, पोट सुटलेल्या पेशी पडलेल्या. दोन्हीही राखणदारच, पण निरनिराळ्या जातीचे.

"बांधावरचे जागे हायत, पण आत शिरून नाही राहिले," डॉक्टर माझ्या खांद्यावरून म्हणाले. "आन् आतले बघा, जेवून पडलेत. ह्यांना मी ताकदीचं देऊ?"

लस एकदाच टोचली. मानेच्या कातडीत, एकच सुई. जखम भरायला लागली. वानेऱ्यानं पेंडीत तोंड घातलं, तेव्हा कमलबाईंनी दवाखान्यात ताकाची कळशी पाठवली. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तिथंच माणिकराव आले.

"डॉक्टर, एका सुईनं एवढा फरक. आणखी दोन-चार टोचा. मुळासकट जाऊ द्या."

"न्हाई."

"औषध शिल्लक हाय की. फ्रीजमधी म्या बगितलं."

"हाय. पण टोचणार न्हाई. एकदा हाक दिली की राखणदार धावत येतात. रोज उठून हाकच मारत बसलं तर ते हाकेच्याच मागं पळतात, चोर राहतो बाजूला. परत परत टोचून गाठ वाढल्याचं लिहिलेलं हाय. कामून वाढते ते मला बी पुरतं माहीत न्हाई. पण मी तुमच्या बैलावर ते बघणार न्हाई."

माणिकरावांना हे पटणं शक्यच नव्हतं. खत जास्त टाकलं की ऊस वाढतो, पेंड जास्त घातली की दूध वाढतं, आणि औषध जास्त दिलं की रोग वाढतो? मान गेलेला होताच, आता बैलही हा हट्टी माणूस घालवणार असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी लातूरला कुणाला तरी फोन केला. त्या कुणाच्या तरी फोनमुळं आमच्या वरच्या साहेबांचा फोन दवाखान्यात आला. मी समोर होते. साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. मालकाची तयारी आहे, औषध आहे, मग तुमची अडचण काय?

"अडचण बैलाची हाय, साहेब. तो फोनवर येत न्हाई."

पलीकडून बरंच काही आलं. डॉक्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवला, फ्रीज उघडला. माणिकराव दारातच उभे होते. त्यांच्यादेखत डॉक्टरांनी बाटलीचं बूच काढलं आणि लस जंतुनाशकाच्या बादलीत ओतली. ती त्यांनी दुसऱ्या एखाद्या बैलासाठी जपून ठेवली होती, हे मला ठाऊक होतं.

"आता माझी नियत फिरली तरी टोचता येणार न्हाई," ते म्हणाले.

"आन् बैल गेला तर?"

"गेला तर माझ्या दारात आणून टाका. गावाला सांगा, नालबंदानं मारला."

हे वाक्य त्या दिवसांत, त्या नावाच्या माणसानं म्हणणं किती महागाचं होतं ते माणिकरावांनाही कळलं. ते निघून गेले.

आणि मग जखमेच्या कडेला गाठ आली.

कमलबाईंचा निरोप आला तेव्हा आम्ही दोघंही धावलो. सुपारीएवढी, गरम, टणक. काही दिवसांत लिंबाएवढी झाली. गावात बोलणं सुरू झालं. पोळा अडवला त्याचं हे फळ म्हणणारे होते, सुई दिली नाही त्याचं म्हणणारे होते, आणि तिसरंच काही बोलणारेही होते, ते मी इथं लिहीत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, ही गाठ उलटलेली दिसते, पुन्हा कापायला घेऊ या.

"थोडं थांबू," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"गाठ दोन तऱ्हेनं वाढते, नांदेड. चोर वाढले म्हणून, नाहीतर राखणदार आत शिरले म्हणून. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं."

"आणि चोर असतील तर?"

त्यांनी वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या. भांडायला सदा तयार असलेल्या त्या माणसाचा चेहरा मी प्रथमच असा बघितला. "डरून राहिलोय मी," म्हणाले. "तुला सांगतो. पाटलाला न्हाई सांगणार."

त्या दिवसांत ते रोज त्या गावी जायचे. दवाखान्याची वेळ संपली की अत्तर लावून निघायचे. गावातली माणसं बोलणं थांबवायची आणि ते पुढं जाईपर्यंत बघत राहायची. ते मुद्दाम पारावरून जायचे, मागच्या वाटेनं एकदाही गेले नाहीत. भाभींनी एकदा मला म्हटलं, समजाव ह्यांना, जरा दिवस जाऊ द्या म्हणावं. मी समजावलं. त्यावर डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा मी तो विषय काढला नाही. पाटलांच्या गोठ्यात माणिकराव समोर यायचे नाहीत. कमलबाई दिवा नाहीतर पाणी घेऊन उभ्या राहायच्या.

शेवटी डॉक्टरांनी गाठीतून सुईनं बारीकसा तुकडा काढला आणि आम्ही उदगीरला गेलो. काचेवर रंग चढेपर्यंत ते व्हरांड्यात येरझारा घालत होते. प्राध्यापकांनी बघितलं आणि खुर्ची डॉक्टरांना दिली. डॉक्टरांनी डोळा लावला तो काढेचनात. मग एकदम उठून मला बसवलं.

सगळी काच बारीक, गोल, जांभळ्या पेशींनी भरून गेली होती. बांधावरचे आत आले होते. मध्ये मध्ये गाठीच्या पेशींची बेटं उरली होती, सुकलेली, विरत चाललेली, आणि त्यांना चहूबाजूंनी गराडा. मी मान वर केली तर डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते, पाठ हलत होती. रडताना बघितलेलं त्यांना चालणार नाही म्हणून मी पुन्हा काचेत डोळा घातला, आणि मला तिथंही नीट दिसेना.

गाठ हळूहळू बसली. जखमेवर कातडी आली, कातडीवर पांढरे केस आले. माणिकराव एका सकाळी दवाखान्यात आले आणि डॉक्टरांच्या समोर नुसते उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, "बसा पाटील, चहा येऊन राहिला." दोघांनी बशीतून चहा घेतला. माफी कुणी मागितली नाही, आमच्याकडे ती अशीच मागतात.

पण फोन एकदा झाला की तो परत घेता येत नाही. साहेबांनी तेव्हाच वर लिहिलं होतं. वरिष्ठांचा आदेश न मानणे, औषधाची नासाडी. बदलीचा हुकूम आला, बिलोलीला. उदगीर-देवणी सोडून ते कधी कुठं राहिले नव्हते. भाभींच्या बोटांचा इलाज, तो करणारा डॉक्टर, सगळं इथं. माणिकराव लातूरला जाऊन पाय धरून आले. तिथं त्यांना सांगण्यात आलं की कागद पुढं गेला आहे. डॉक्टरांनी ऐकलं तेव्हा ते त्यांच्यावरच उखडले. "माझ्यासाठी कुणाचे पाय धरू नका. बैल उभा हाय ना? मग झालं." नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "आता बिलोलीत मला 'देवणी' म्हणून कोण हाक मारतंय ते बघू."

निरोप समारंभ ठरला. साहेब स्वतः जिल्ह्याहून जीपनं आले होते, शाल आणि नारळ द्यायला, आणि नवा माणूस रुजू होतो का ते बघायला. डॉक्टरांनी कळवलं की त्यांना बरं नाही. मग निदान शांतपणे, सकाळी लवकर निघून जावं असं त्यांना सुचवण्यात आलं. ते निघाले त्याच दिवशी, बाजाराच्या ऐन गर्दीत.

त्यानंतर आमचे फोन होतात, पण भेट नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी. मी बाजारातल्या औषधाच्या दुकानापुढं उभी होते. समोरून माणिकरावांची बैलगाडी येत होती. बिलोलीचा ट्रक पुढच्या नाक्यावर उभा होता, तिथपर्यंत सामान आपल्याच गाडीतून जाईल असा माणिकरावांनी हट्ट धरला होता. गाडीत पेट्या, गाद्या, आणि गाद्यांवर रझियाभाभी, वेणी नीट घातलेली. जुवाला वानेऱ्या आणि त्याचा जोडीदार. दोघांनाही धुऊन लखलखीत केलं होतं. वानेऱ्याच्या डाव्या बाजूला शिंग नव्हतं, आणि तिथं फडकं नाही, बाशिंग नाही, काहीही बांधलेलं नव्हतं. ती जागा सगळ्या बाजाराला दिसत होती. कासरा धरून माणिकराव चालत होते आणि त्यांच्या शेजारी डॉक्टर, बाह्या कोपराच्या वर.

लोक भाजी घ्यायचं सोडून बघत होते. एकानं मोठ्यानं म्हटलं, "पाटील, मोडका बैल जुपला का?"

"हाव," माणिकराव म्हणाले. "मपला हाय."

तेवढ्यात मागून साहेबांची जीप आली. डॉक्टरांविनाच समारंभ आटोपून परत निघाली असावी. रस्ता अरुंद, दोन्ही कडेला भाजीच्या पाट्या आणि माणसं. जीपनं हॉर्न वाजवला. माणिकरावांनी सवयीनं कासरा ओढला, गाडी कडेला घ्यायला लागले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरला.

"कामून? आपल्याला बी जायचंच हाय."

हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. डॉक्टरांनी मागं वळूनही न बघता एक हात वर केला, थांबा म्हणून. जीप थांबली. आणि वानेऱ्या त्याच्या नेहमीच्या चालीनं, बाजाराच्या ऐन मधून पुढं निघाला.